हार्ड डिस्क म्हणजे तिजोरी नव्हे

१९८९च्या श्रावणात माझ्या आजीने मंगळागौरीची गाणी म्हटली, ती मामाने छोट्या टेपरेकॉर्डरवर उतरवून घेतली. २००४ साली मी ती कॅसेट संगणकावर घेतली, तिची सीडी केली, वर छापील स्टिकर चिकटवला आणि घरात सांगून टाकलं, आता आजीचा आवाज कायमचा राहिला. कॅसेट माळ्यावर गेली, सीडी कपाटात. २०२२मध्ये भाचीच्या मंगळागौरीला ती सीडी काढली. ड्राइव्हमध्ये बराच वेळ फिरत राहिली, पण एकही गाणं दिसेना. हातात घेऊन पाहिली तर स्टिकरच्या कडेबरोबर चंदेरी थर पापुद्र्यासारखा सुटून आला होता. शेवटी माळ्यावरची कॅसेट शोधून काढली. आवाज घोगरा झाला होता, मागे खरखर होती, पण आजी गात होती.

यावरून कॅसेट चांगली आणि सीडी वाईट असा निष्कर्ष काढू नका. दोन्हींची झीज वेगळ्या रीतीने होते, आणि तो फरक समजला की पुढचं सगळं समजतं. कॅसेटवरचा आवाज हळूहळू उतरतो. दर वर्षी थोडा मंद, थोडा खरखरीत, आणि उतरताना तो कानाला कळतो. सीडीवर आकड्यांबरोबर चूक दुरुस्त करणारे जादा आकडेही लिहिलेले असतात. थर खराब होत गेला तरी ड्राइव्ह त्या जादा आकड्यांवरून हिशेब जुळवत राहतो आणि आवाज पहिल्या दिवशीसारखा स्वच्छ येतो. चुका दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेल्या की एकदम सगळं बंद. आदल्या दिवसापर्यंत काही बिघडलंय याची चाहूलही लागत नाही. आपण गाफील राहतो ते याच कारणाने.

मी गेली काही वर्षं नातलगांच्या, ओळखीच्यांच्या आणि दोन-तीन वाचनालयांच्या जुन्या सीड्या, टेपा, डिस्क सोडवून देतो. त्या कामातून माझी एक पक्की समजूत झाली आहे. पन्नास वर्षं निर्धास्त राहता येईल असं कोणतंही साधन घरात आणून ठेवता येत नाही. गाडग्यात राख घालून, तोंड शेणमातीने लिंपून बियाणं राखणारी बाईसुद्धा ते दर एक-दोन वर्षांनी पेरते आणि नवं बी धरते, कारण गाडग्यातलं बी तिच्या नातवंडांपर्यंत उगवणार नाही हे तिला ठाऊक असतं. फोटो, आवाज, कागदपत्रं यांचं तसंच आहे. ती एका साधनावरून दुसऱ्यावर वेळेत हलवावी लागतात. साधनाची काळजी घ्यायची ती पुढच्या हलवण्यापर्यंत तग धरावा म्हणून.

सीडी आणि डीव्हीडी

दुकानातून विकत घेतलेली गाण्यांची सीडी आणि घरी लिहिलेली सीडी दिसायला सारखी, पण जात वेगळी. विकतच्या सीडीवर साच्याने दाबून खळगे उठवलेले असतात. घरी लिहिलेल्या सीडीत खळगे नसतात, सेंद्रिय रंगाचा पातळ थर असतो आणि लेझरने तो जागोजागी भाजलेला असतो. हा रंग उन्हाने, उष्णतेने, दमटपणाने बदलतो. म्हणून १९९२ची विकतची सीडी अजून वाजते आणि २००६ची लग्नाची सीडी वाजत नाही, यात नवल नाही.

सीडीची चमकती बाजू आपण जिवापाड जपतो आणि नाव लिहितो त्या बाजूकडे दुर्लक्ष करतो. करायला हवं नेमकं उलट. सीडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास जाड असते आणि मजकुराचा थर नावाच्या बाजूला, जेमतेम वार्निशाच्या पातळ लेपाखाली असतो. चमकत्या बाजूचा ओरखडा जाड प्लास्टिकवर असतो, तो बहुधा निभावतो. नावाच्या बाजूचा ओरखडा थेट मजकुरावर पडतो. डीव्हीडीत हा थर दोन प्लास्टिकच्या मधोमध असतो, त्यामुळे त्या बाबतीत ती थोडी सुरक्षित, मात्र तिथे दोन चकत्यांना जोडणारा गोंद कडेने सुटू शकतो. स्टिकर दोन्हींवर लावू नये. आधीच लावलेला असेल तर ओढून काढू नका, थरासकट निघेल. आहे तसा राहू द्या आणि आजच कॉपी करून घ्या. नाव लिहायचंच असेल तर मधल्या पारदर्शक कड्यावर, पाण्याच्या शाईच्या पेनने.

पुसायची असेल तर मऊ सुती कापडाने केंद्राकडून कडेकडे सरळ रेषेत पुसा. गोल गोल पुसू नका. मजकूर गोलाकार लिहिलेला असतो. गोलाकार ओरखड्यात सलग मजकूर जातो, आणि सलग गेलेलं दुरुस्त करणं ड्राइव्हला सर्वांत कठीण. बुरशीचा पांढरट ठिपका दिसला तर कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून हलक्या हाताने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळवा. एका ड्राइव्हने वाचली नाही म्हणून टाकून देऊ नका. मी एकच सीडी तीन वेगवेगळ्या ड्राइव्हमध्ये घालतो, आणि तिसऱ्याने वाचली असं अनेकदा झालं आहे. जुन्या डेस्कटॉपमधला जाड ड्राइव्ह लॅपटॉपच्या पातळ ड्राइव्हपेक्षा बऱ्याचदा धीराने वाचतो, हा माझा अनुभव. वाचली की एकेक फाइल न उचलता अख्ख्या सीडीची एकसंध प्रतिमा, म्हणजे आयएसओ फाइल करून ठेवा.

नव्याने सीडी-डीव्हीडीवर काही साठवावं का? सेंद्रिय रंगाऐवजी दगडासारखा अकार्बनी थर असलेली एम-डिस्क मिळते आणि ती साध्या डीव्हीडीपेक्षा निश्चित टिकाऊ आहे. निवडक पन्नास-शंभर फोटोंसाठी, दुसऱ्या प्रतींच्या जोडीला, तिला माझी हरकत नाही. पण नव्या लॅपटॉपमध्ये ड्राइव्हच नसतो, आणि सोनीने फेब्रुवारी २०२५मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे डिस्कचं उत्पादन बंद केलं. चकती टिकेल, ती वाचणारं यंत्र घरात असेल का, हा प्रश्न आहे.

हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, एसएसडी

फिरती हार्ड डिस्क आजही घरगुती साठवणीचं सर्वांत परवडणारं साधन आहे. तिच्या आत चकत्या फिरतात आणि वाचणारं डोकं त्यांच्यावर काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगतं. माणसाच्या केसाची जाडी याच्या हजारो पट. चालू डिस्क टेबलावरून पडली तर काय होईल ते यावरून ओळखा. मोठ्या डेटा केंद्रांत डिस्क ठरावीक तापमानात, जागेवरून न हलवता चालतात. तरी हजारो डिस्कची नोंद ठेवणारी बॅकब्लेझ ही अमेरिकन कंपनी वर्षाला शंभरातल्या साधारण एक-दोन बंद पडतात असे आकडे प्रसिद्ध करते. आपल्या घरातली डिस्क बॅगेतून फिरते, दिवे गेल्यावर झटकन बंद होते, तिचा धोका अधिकच.

कपाटात पडून राहिलेली डिस्कही बिघडते. वंगण घट्ट होतं, आस अडकतो. म्हणून वर्षातून एकदा तरी ती जोडावी, तासभर चालू ठेवावी. मी पाच वर्षांनंतर कोणत्याही डिस्कवर एकमेव प्रत ठेवत नाही. ती चालू असते, दुय्यम कामाला वापरतो, पण तिच्यावर भिस्त ठेवत नाही.

डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला तर पहिलं काम तिची वायर काढणं. पुन्हा पुन्हा लावून पाहण्यात उरलेलं जातं. विंडोजची दुरुस्तीची आज्ञा आजारी डिस्कवर चालवू नका. ती मोडकी जागा दुरुस्त करण्याच्या नादात वाचण्याजोगं असलेलंही हलवते. नुसते वाचनाचे दोष असतील आणि आवाज नसेल तर डीडीरेस्क्यू नावाचं मोफत साधन आहे. ते आधी डिस्कचा निरोगी भाग दुसऱ्या डिस्कवर उतरवतं आणि दुखऱ्या जागांकडे शेवटी वळतं, आणि मध्येच थांबलं तरी जिथे राहिलं तिथून पुढे सुरू होतं. आवाज येत असेल तर व्यावसायिकाकडे द्या. फ्रीजरमध्ये ठेवणं, तांदळात पुरणं, झाकण उघडून पाहणं, यांतलं काहीही करू नका. झाकण उघडलं की धुळीचा एक कण पुरतो.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्डाविषयी मला कठोरपणे सांगायचं आहे, कारण याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कशाबद्दल पाहिला नाही. त्यांत हलणारा भाग नाही म्हणून ती पक्की, असं लोक समजतात. खरं म्हणजे त्यांत मजकूर विद्युतभाराच्या रूपात असतो. अतिसूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडलेले असतात आणि ते हळूहळू गळतात. जितकं गरम, तितके लवकर. शिवाय कप्पा जितक्या वेळा लिहून-पुसून झिजलेला, तितकी गळती जास्त. पूर्वी एका कप्प्यात एकच बिट असे. आता किंमत उतरवण्यासाठी तीन-चार बिट कोंबतात, म्हणजे भाराच्या आठ किंवा सोळा पातळ्या ओळखायच्या. थोडी गळतीही मग पातळी बदलायला पुरते. एसएसडीसाठी जेडेक या मानक संस्थेने घातलेली अट अशी आहे: घरगुती वापराची एसएसडी लिखाणाची मर्यादा संपेपर्यंत झिजलेली असताना, वीज न देता, ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर धरून राहिली पाहिजे. एक वर्ष! नवी, कमी वापरलेली एसएसडी यापेक्षा पुष्कळ जास्त टिकते, हे खरं. पण नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात बंद कपाटाचं तापमान किती असतं तेही लक्षात घ्या. पेन ड्राइव्हला तर असं मानकही कोणी विचारत नाही.

तेव्हा पेन ड्राइव्ह ने-आण करायला, एसएसडी रोजच्या वेगवान कामाला. दोन्ही कपाटात ठेवायच्या वस्तू नव्हेत. बारशाचे फोटो कॅमेऱ्याच्या कार्डातच ठेवून नवं कार्ड घेण्याची सवय असेल तर ती आज सोडा. आणि स्वस्तातलं कार्ड घेतलंत तर आधी ते पूर्ण भरून परत वाचून पाहा. बत्तीस जीबीच्या चिपवर एक टीबीची पाटी लावून विकणारे बाजारात आहेत. अशा कार्डावर कॉपी यशस्वी झाल्याचं दिसतं आणि पुढचे सगळे फोटो कुठेच नसतात.

टेपा आधी

घरात व्हीएचएस, व्हिडिओ-८ किंवा मिनी-डीव्हीच्या टेपा असतील तर बाकी सगळं बाजूला ठेवून त्यांना हात घाला. टेपेपेक्षा तिचं यंत्र आधी संपतं. व्हीएचएसचे शेवटचे प्लेअर जपानच्या फुनाई कंपनीने बनवले आणि २०१६च्या जुलैमध्ये तेही थांबवले. आता जे आहेत ते जुने, आणि त्यांचे रबरी पट्टे, चाकं, डोकी झिजत चालली आहेत.

१९९५नंतरच्या दहा-बारा वर्षांतली बरीच लग्नं, मुंजी मिनी-डीव्हीवर आहेत. या टेपेवर चित्र मुळातच डिजिटल आहे. फायरवायरच्या वायरीने घेतलं तर टेपेवर होतं तेच, जसंच्या तसं संगणकावर उतरतं. तासाला साधारण तेरा जीबी. लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीने घेतलं तर ते आधी अॅनालॉग होतं, मग पुन्हा डिजिटल, आणि प्रत उतरते. बहुतेक दुकानदार दुसऱ्याच रीतीने घेतात, वर चित्र दाबून, म्हणजे कॉम्प्रेस करून, डीव्हीडी करून देतात. काम देताना 'फायरवायरने घेणार का आणि मूळ डीव्ही फाइल देणार का' हे दोन प्रश्न विचारा. नव्या संगणकावर फायरवायरची खाच नाही, म्हणून एखाद्याकडे जुना लॅपटॉप आणि चालू कॅमेरा असेल तर त्याला जपा.

टेपेच्या खिडकीतून पांढरी पूड किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. अशी टेप प्लेअरमध्ये घालू नका. टेप तर जाईलच, बुरशी यंत्राच्या डोक्यावर बसून पुढच्या टेपांनाही लागेल. मुंबई आणि कोकणातून आलेल्या टेपांत हे मी सर्रास पाहतो. मूळ टेप कॉपी झाल्यावर फेकू नका. उद्या कोणी अधिक चांगलं उतरवून देऊ शकतं. माझी कॅसेट फेकली असती तर आज आजीचा आवाज कुठून आणला असता?

पावसाळा

परदेशी मार्गदर्शिकांत थंड, कोरडी खोली सांगितलेली असते. अमेरिकेच्या मानक संस्थेने सीडी-डीव्हीडीसाठी वीस अंशांखालचं तापमान आणि वीस ते पन्नास टक्के आर्द्रता सुचवली आहे. जुलैमध्ये रत्नागिरीत बसून हे वाचायचं म्हणजे कठीणच. पण थोडक्या खर्चात पुष्कळ करता येतं. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि पन्नास टक्क्यांखाली आर्द्रता आहे की नाही ते दाखवणारा लहानसा आर्द्रतामापक ठेवा. रंग बदलणारं जेल घेतलं तर ते कधी ओलं झालं ते दिसतं. भाजून पुन्हा वापरता येतं. डब्यात वस्तू ठेवायच्या त्या कोरड्या दिवसांत, हिवाळ्यात. भर पावसात डबा बंद केला तर ओलावाच कोंडला जातो. डबा बाहेरच्या भिंतीला, गच्चीखालच्या माळ्यावर किंवा स्वयंपाकघराजवळ नको. घराच्या आतल्या भिंतीचं लाकडी कपाट, मधला कप्पा, ही उत्तम जागा. डांबरगोळ्या मुळीच नकोत. त्यांची वाफ काही प्लास्टिकना मऊ करते. एसीच्या खोलीतून काढलेली थंड डिस्क दमट हवेत लगेच चालू करू नका, तिच्यावर बाष्प धरतं. दोन तास तशीच राहू द्या.

तरीही पाणी यायचं तेव्हा येतं. २६ जुलै २००५ला मुंबईत सांताक्रूझला दिवसभरात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ला सांगली-कोल्हापूर पाण्यात गेलं, २०२१च्या जुलैमध्ये चिपळूण-महाड. तिथे डबा कितीही चांगला असला तरी काय उपयोग? एकाच घरात ठेवलेल्या चार प्रती पुराच्या, आगीच्या आणि चोरीच्या हिशेबात एकच प्रत.

तीन प्रती, आणि त्या खरोखर प्रती

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला नियम सोपा आहे: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. मराठी घरांत हा नियम पाळायला फार सोयीची एक गोष्ट आहे. भाऊ पुण्यात, बहीण न्यू जर्सीत, काका नाशिकला. दोन कुटुंबांनी एकेक डिस्क एकमेकांकडे ठेवायची आणि दिवाळीला किंवा सुट्टीला भेटलं की अदलाबदल करायची. खर्च डिस्कचा, भाडं शून्य. दोन डिस्क वेगवेगळ्या कंपनीच्या, किंवा निदान वेगवेगळ्या महिन्यात घेतलेल्या असाव्यात. एकाच खेपेत बनलेल्या डिस्क एकाच दोषाने एकाच सुमाराला जाऊ शकतात.

घरातली प्रत घेऊन झाली की वायर काढून ठेवा. कायम जोडलेली डिस्क ही दुसरी प्रत नव्हे. खंडणीखोर व्हायरस आला किंवा वीज कडाडली तर दोन्ही एकत्र जातात.

आणि प्रत वाचून पाहा. १९९८ साली पिक्सार स्टुडिओत 'टॉय स्टोरी २' हा चित्रपट बनत असताना कुणाच्या तरी चुकीच्या आज्ञेने फाइली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो काही काळापासून नीट होतच नव्हता, हे तेव्हा कळलं. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिकेमुळे. बाळंतपणानंतर घरून काम करता यावं म्हणून त्यांनी एक प्रत घरी नेली होती. एवढ्या मोठ्या स्टुडिओत जे झालं ते आपल्याकडे सहज होऊ शकतं. म्हणून मी प्रत घेतल्यावर प्रत्येक फाइलचा ठसा काढून ठेवतो. इंग्रजीत त्याला चेकसम म्हणतात. फाइलच्या सगळ्या आकड्यांवरून गणिताने काढलेली ती एक लांबलचक संख्या असते. फाइलमधला एक बिट जरी बदलला तरी ठसा पूर्ण वेगळा येतो. वर्षाने पुन्हा ठसा काढायचा आणि जुन्याशी ताडायचा. जुळला नाही तर ती फाइल बिघडली, दुसऱ्या डिस्कवरून आणायची. यासाठी मोफत साधनं पुष्कळ आहेत, कॉपी करतानाच ठसा ताडून देणारीही आहेत. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण न दिसणारी झीज दिसण्याचा हा एकच मार्ग आहे.

'आमचं सगळं गूगलवर आहे' असं म्हणणाऱ्यांना मी क्लाउड बंद करा म्हणत नाही. तिसरी प्रत म्हणून ती उत्तम. पण दोन गोष्टी समजून घ्या. फोनवर पुसलेला फोटो समक्रमणामुळे तिथूनही पुसला जातो, म्हणजे ती प्रत नव्हे, तो आरसा आहे. आणि ते खातं एका माणसाचं असतं. दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती गूगल काढून टाकू शकतं, हे धोरण २०२३च्या डिसेंबरपासून लागू आहे. घरातलं माणूस गेलं आणि त्याचं खातं कोणी उघडलं नाही, तर त्याचे फोटो त्याच्यामागून दोन वर्षांनी जाऊ शकतात. गूगलमध्येच निष्क्रिय खात्याची व्यवस्था सांगून ठेवण्याची सोय आहे. आई-वडिलांच्या शेजारी बसून ती आजच भरा. व्हॉट्सअॅपवरून आलेला फोटो मूळ समजू नका. तो दाबलेला असतो आणि तारीख-ठिकाणाच्या आतल्या नोंदी गळून पडलेल्या असतात. मूळ हवा असेल तर तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

वाचता येणं

साधन टिकलं, फाइल शाबूत राहिली, तरी ती वाचता आली पाहिजे. १९८६ साली बीबीसीने ब्रिटनभरच्या शाळकरी मुलांकडून आपापल्या गावाची माहिती आणि चित्रं गोळा केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी हात लावलेलं काम. १०८६ सालच्या 'डूम्सडे बुक' या जमीनजुमल्याच्या नोंदवहीची नऊशे वर्षं साजरी करायला हा नवा दप्तर-संच खास लेझर डिस्कवर केला. सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारे संगणक दुर्मीळ झाले आणि लीड्स व मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांना ती सोडवायला स्वतंत्र प्रकल्प करावा लागला. चर्मपत्रावरचं १०८६चं मूळ बाड मात्र लंडनमध्ये आजही उघडून वाचता येतं.

आपल्याकडे याचं उत्तम उदाहरण मोडी आहे. पेशवे दप्तरातला कागद शाबूत, शाई शाबूत. वाचणारा माणूस हवा. आणि मराठीत एक नवी मोडी गेल्या तीसेक वर्षांत आपणच तयार केली आहे, तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. १९९०नंतर दिवाळी अंक, स्मरणिका, गावांचे इतिहास, कुळवृत्तांत, प्रबंध हे सगळं श्रीलिपी, आकृती, आयएसएम असल्या टंकांत टाइप झालं. प्रत्येक टंकाची आतली आकड्यांची मांडणी वेगळी. तो टंक नसेल तर फाइल उघडते, पण दिसतात इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची भेळ. वर त्या फाइली पेजमेकरमध्ये. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची, आणि नव्या इनडिझाइनमध्ये त्या फाइली उघडत नाहीत. एका वाचनालयाची शतक महोत्सवी स्मरणिका मी अशीच पाहिली. छापील प्रती तीन उरल्या होत्या आणि संगणकातली फाइल कुणालाच वाचता येत नव्हती.

तुमच्याकडे अशा फाइली असतील तर त्या उघडणारा जुना संगणक कुणा डीटीपीवाल्याकडे असेपर्यंत तीन गोष्टी करून घ्या. पीडीएफ काढा, टंक आत बसवून. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या. बदलणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं आणि रफार तपासायला माणूस बसवा, नाहीतर 'कार्य'चं काहीतरी भलतंच होतं. आणि मूळ फाइल टंकाच्या फाइलीसकट तशीच ठेवा. एक छापील प्रत स्कॅन करून ठेवलीत तर सोन्याहून पिवळं. यापुढे जे लिहाल ते युनिकोडमध्येच. फोटोंसाठी जेपेग किंवा टिफ, आवाजासाठी वेव्ह किंवा फ्लॅक, छापील पानांसाठी पीडीएफ/ए. सगळीकडे उघडणारे, कुण्या एका कंपनीच्या मर्जीवर नसलेले प्रकार निवडा. फाइलचं नाव '२००४-०५-१६ मुंज सातारा' असं, वर्ष आधी घालून द्या. कोण कोण आहे ते साध्या मजकूर फाइलमध्ये लिहून त्याच फोल्डरमध्ये ठेवा. नावं माहीत असलेली माणसं घरात आहेत तोवर.

शेवटी कुलपाबद्दल. महानुभाव पंथाने आपले ग्रंथ सकळ या सांकेतिक लिपीत लिहून ठेवले. मठामठांतून नकला होत राहिल्या, म्हणून पोथ्या टिकल्या. पण पंथाबाहेरच्या मराठी वाचकाला त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी लिपीची किल्ली उलगडेपर्यंत बंद होत्या. पासवर्ड घातलेली डिस्क अशीच पोथी असते, फक्त तिची किल्ली कोणताही अभ्यासक पुढे उलगडू शकणार नाही. कुटुंबाच्या फोटोंच्या डिस्कला मी पासवर्ड घालत नाही. ज्यांना घालायचा आहे त्यांनी तो कागदावर लिहून घराच्या दस्तऐवजांबरोबर ठेवावा, कुठली डिस्क कुठे आहे त्या यादीसह.

हे सगळं पहिल्यांदा एका दिवसात होत नाही, पण नंतर रोज करावं लागत नाही. वर्षात एक दिवस ठरवा. मी खंडेनवमी ठरवली आहे. पाऊस संपलेला असतो, हवा कोरडी होऊ लागलेली असते, आणि अवजारांबरोबर आपण संगणकालाही हळदकुंकू वाहतोच. त्या दिवशी डबा उघडतो, दोन्ही डिस्क जोडतो, ठसे ताडतो, वर्षभराचे फोटो त्यात घालतो, सिलिका जेल भाजून परत ठेवतो, पाच वर्षं झालेली डिस्क बदलतो. दुपारपर्यंत होतं. यंदा तुम्हीही करा, आणि घरात टेपा असतील तर खंडेनवमीची वाट न पाहता या आठवड्यातच त्यांची मोजदाद करा.